टीव्हीतली मुलगी रत्नागिरीत आली तेव्हा

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतली मुलं रत्नागिरीत कार्यक्रम करायला येणार, हे मला ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं. मी एका शाळेत क्लार्क आहे, ती माझ्या समोरच्या टेबलाला बसते. तिच्या नवऱ्याला तीन पास मिळाले होते. "तू ती स्पर्धा एकही दिवस चुकवत नव्हतीस, चल," ती म्हणाली. मी हो म्हटलं. न चुकवणारी मी नव्हते, माझी आई होती, हे काही तिला सांगितलं नाही.

आईला शेवटच्या दोन वर्षांत विस्मरण झालं होतं. गावचं, पालीचं घर, वडील, मी नोकरीला लागले ते, सगळं एकात एक मिसळून गेलं होतं. टीव्हीसमोर बसवली की शांत राहायची, म्हणून मी टीव्ही लावून ठेवायचे. त्या स्पर्धेच्या पहिल्याच आठवड्यात जेमतेम वीस वर्षांची एक मुलगी गायला उभी राहिली आणि आई म्हणाली, "ती आल्ये बघ."

कोण, ते मला विचारावं लागलं नाही. माझी धाकटी बहीण एकोणीस वर्षांची असताना वारली. भाताची लावणी आटोपली आणि तिला ताप भरला, पाचव्या दिवशी सगळं संपलं. ती गायची. गावात आरतीला तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. एक कॅसेट होती तिच्या गाण्याची, ती पावसाळ्यात बुरशी येऊन गेली. त्यानंतर तिचा आवाज हळूहळू माझ्या आठवणीतूनही पुसला गेला. चेहरा आठवायचा, हात आठवायचे, आवाज नाही. ही गोष्ट मी आईजवळ कधी बोलले नव्हते.

टीव्हीतली मुलगी दिसायला बहिणीसारखी मुळीच नव्हती. पहिले काही दिवस मी आईला समजावलं. "ही नागपूरकडची कोणी आहे गो, आपली नव्हे." आई ऐकून घ्यायची आणि थोड्या वेळाने म्हणायची, "दमून येईल हो ती. भात झाकून ठेव." मग मी समजावणं सोडलं. भात झाकून ठेवू लागले. आई झोपल्यावर मोबाइलवरून त्या मुलीला मतंही देऊ लागले. आणि एकदा आईने विचारलं, ही घरी का येत नाही, तेव्हा मी म्हटलं, "कार्यक्रम संपला की येईल."

अंतिम फेरीच्या दोन आठवडे आधी ती मुलगी स्पर्धेतून बाहेर पडली. पडद्यावर ती रडत होती, परीक्षक तिला जवळ घेत होते, आणि इकडे आई खुशीत. संपलं आता, येईल. तीन संध्याकाळी आई दाराशी खुर्ची घेऊन बसली. चौथ्या दिवशी खुर्ची मागितलीन नाही, आणि त्या मुलीचं नावही पुन्हा काढलंन नाही. शिमग्याच्या आधी आई गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदान संध्याकाळीच भरलं होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बाजूला जनरेटरची घरघर, समोर भलामोठा पडदा. थंडीचे दिवस होते आणि समुद्रावरून गार वारा येत होता. मैत्रिणीच्या नवऱ्याला ऐन वेळी काम निघालं, त्यामुळे माझ्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी राहिली. सत्कार, हार, भाषणं झाली आणि मग गाणी सुरू झाली.

ती मुलगी तिसरी गायला आली. मी पदर मुठीत धरून बसले होते. पण तिने तोंड उघडलं आणि काहीच झालं नाही. टीव्हीवर ऐकलेला आवाजही तो नव्हे असं वाटलं. मोठा, तयार, स्पीकरमधून अंगावर येणारा आवाज. माझ्या बहिणीशी त्याचा काही संबंध नव्हता. मला एकदम मोकळं वाटलं, आणि लगेच आईची दया आली. तीन संध्याकाळी.

पहिलं गाणं संपलं. वादकांचं काहीतरी जुळत नव्हतं, म्हणून ती थांबली. एकदा मागे वळून पाहिलंन. मग माइक थोडा दूर धरून तिने नाकातल्या नाकात बारीक सूर काढला, पट्टी शोधायला. तो पुरता लागायच्या आत सोडून दिला आणि थेट गायला लागली.

माझी बहीण अगदी असंच करायची. तो एवढासा सूर, अर्ध्यावर सोडलेला. तेहतीस वर्षांत मला तो एकदाही आठवला नव्हता. ती असं काही करायची हेसुद्धा मी विसरले होते. आईने घरच्या त्या लहानशा टीव्हीवर हेच ऐकलं असणार, पहिल्याच दिवशी. सगळं विसरलेल्या बाईला तेवढं ऐकू आलं, आणि मी तिला नागपूर सांगत बसले होते.

तेवढ्यात मागून एक बाई वाकून विचारू लागल्या, ही खुर्ची रिकामी आहे का.

"नाही," मी म्हटलं. "माणूस आहे."

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. कार्यक्रम संपेपर्यंत मी डावीकडे मान वळवली नाही. वळवली असती तर खुर्ची रिकामी दिसली असती, आणि नसती दिसली तर काय, याचीही भीती होती.

शेवटी स्टेजच्या बाजूला फोटोंसाठी रांग लागली. मैत्रीण म्हणाली चल, म्हणून गेले. मी काय बोलायचं ते मनाशी ठरवलं होतं. आईचं सगळं सांगणार होते, दाराशी बसल्याचंसुद्धा. जवळून ती मुलगी अगदी लहान दिसत होती. चेहऱ्यावरचा मेकअप गळ्यापाशी संपला होता आणि तिथून खाली ती दमलेली होती. मैत्रिणीने फोटो काढून घेतला. मी मोबाइल काढलाच नाही, त्या मुलीचा हात धरून उभी राहिले. तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि हात हळूच सोडवून घेतला.

"काकू, तुमचंही कोणी गेलंय का?"

मी विचारलं, असं का विचारतेस. ती खालच्या आवाजात भरभर बोलत गेली. प्रत्येक गावात एक तरी माणूस भेटतं, म्हणाली. कोणाची मुलगी गेलेली, कोणाची बायको. एका गावात एका गृहस्थांनी "मला एकदा बाबा म्हण" अशी तिला विनवणी केली आणि तिने म्हटलं. त्या रात्रीपासून तिला हॉटेलच्या खोलीत एकटीला झोप येत नाही. "गाताना माझ्यामागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं. म्हणून मी सारखी वळून बघते. आई म्हणते, मनाचे खेळ आहेत."

तिच्या मागे काळा पडदा होता. वाऱ्याने तो हलत होता.

"नाही गो," मी म्हटलं. "माझं कोणी नाही गेलेलं. गाणं आवडलं म्हणून आले."

तिचे खांदे एकदम सैल झाले. ती हसली, वाकून नमस्कार केलान, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळली. परत येताना रिक्षात मैत्रीण म्हणाली, तू काय बोलत होतीस एवढं. मी म्हटलं, काही नाही, चौकशी करत होते.

खोटं बोलले याचं मला वाईट वाटत नाही. पण एक झालं. मला वाटलं होतं, आता तो सूर सापडला, त्याच्या मागून बहिणीचा बाकीचा आवाजही येईल. महिनाभर मी वाट पाहिली. आवाज आला तो त्या मुलीचा. आता बहीण आठवली, पडवीत बसून मला हाक मारताना, भांडताना, तापात पाणी मागताना, तर ती त्या मुलीच्या आवाजात बोलते. हाकलला तरी तो जात नाही. पूर्वी तिथे निदान काही नव्हतं.

आईचा आवाज मात्र अजून आईचाच आहे. तोही जाईल या धास्तीने मी रोज दिवेलागणीला तिची चार वाक्यं मोठ्याने म्हणते, तिच्याच सुरात, तिच्यासारखं शेवटाला ओढून. परवा शेजारच्या वहिनी कुंपणापाशी थांबवून विचारत होत्या, तुमच्याकडे संध्याकाळचं कोण येतं हो, बोलणं ऐकू येतं.