सुनेनं उतरवलेली पाटी

ट्रंकेतून स्वेटर काढला की डांबरगोळीच्या वासाबरोबर लखनौतलं ते संग्रहालय आठवतं. सून तिथं नवीन लागली होती. एका शिलालेखाखालची पहिलीच पाटी तिनं लिहिली होती, म्हणून आम्ही बघायला गेलो. थंडगार दालनात मी हाच स्वेटर घालून होतो, आणि तिचे साहेब पाहुण्यांना घेऊन उभे होते. पाटीवर एकाच वर्षाचे तीन आकडे होते: गुप्त संवत १५८, विक्रम संवत ५३४, इसवी सन ४७७. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो हे पाठ. मी मोठ्यानं म्हणालो, "गलत है साब! दो सौ छत्तीस चाहिए!" सून हळूच म्हणाली, "बाबा, हा शक नाही. गुप्त संवतात तीनशे एकोणीस मिळवतात." "मला शिकवतेस? वडिलांनी शिकवलंय मला!" साहेबांनी विचारलं, "मॅडम, पक्का है ना?" पाहुण्यांसमोर सासऱ्याला खोटं पाडणं तिला जमलं नाही. "सर, एक बार फिर देख लेती हूँ," म्हणत तिनं स्वतःच पाटी उतरवली. मी मिशीवरून हात फिरवला. परतताना रिक्षात मुलगा एवढंच बोलला, "बाबा, ती बरोबर होती." आठवड्यानं तीच पाटी जशीच्या तशी लागली. 'चुकलो' म्हणायला माझं तोंड अजून उघडलेलं नाही, आणि घरी कुणी तिथी विचारली की सून आजही सांगते, "बाबांना विचारा, त्यांना सगळं पाठ आहे."