कामणच्या गाळ्यातली एकच गाडी

वसईच्या पाचूबंदरचा नेल्सन फुटलेल्या होडीला फायबरचं ठिगळ असं लावायचा, की नंतर मालकालाही जागा सापडत नसे. त्याचं नाव ऐकूनच बारा वर्षांपूर्वी एका मोटार कंपनीने त्याला कामणच्या गाळ्यात बोलावलं. दिल्लीच्या प्रदर्शनात मांडायला एक गाडी बनवायची होती. एकच. लोकांना आवडली तर पुढे कारखान्यात, असं गाडीची डिझायनर मनाली म्हणाली होती.

या गाडीच्या दोन दारांमध्ये खांबच नव्हता. अख्खी बाजू मागे सरकायची, म्हणजे मोठी टोपली घेऊनही बाईमाणूस सहज आत बसेल. पण एवढा मोठा दरवाजा हात लावला की लवायचा. नेल्सनने त्याला आतून फासळ्या घातल्या, होडीला असतात तशा, आणि दरवाजा ताठ झाला. रंगाचं काम राजोडीच्या धनेशकडे होतं. दोघं शाळेपासूनचे दोस्त. नेल्सननेच त्याला या कामावर आणलं होतं. गाळ्यात शिरताना फोन दारावरच्या पेटीत ठेवावे लागत, आणि कामाबद्दल बाहेर बोलणार नाही अशा कागदावर सहीही घेतलेली होती.

प्रदर्शनाला दहा दिवस उरले असताना, एका सोमवारी सकाळी, गाडीवरचं कापड काढायच्या आतच, कंपनीचे साहेब आले. गाडीचा फोटो इंटरनेटवर फुटला होता. साहेबांनी मोबाइलवर त्याचा एक तुकडा दाखवला. नुसता दरवाजा.

"या बाजूला कोण काम करतं?"

"मी," नेल्सन म्हणाला.

"उद्यापासून येऊ नका."

नेल्सनने धनेशकडे पाहिलं. धनेश खाली मान घालून रंग ढवळत होता. तो काहीच बोलला नाही, आणि तेवढ्यावर नेल्सनने ओळखलं, फोटो यानेच काढला. शनिवारी डबा विसरलो म्हणून हा एकटाच परत आत गेला होता. पेटीची किल्ली कुठे असते तेही याला ठाऊक होतं. एकेक गोष्ट आठवत गेली, आणि प्रत्येक गोष्ट बरोबर बसत गेली.

गाडीचं दिल्लीत कौतुक झालं, पण ती बाजारात कधी आलीच नाही. कंपनीने ती तोडून टाकली असं कानावर आलं. नेल्सन होड्यांकडे परतला. वसईच्या बाजारात धनेश समोरून आला की तो रस्ता बदलायचा. धनेशची आई वारली तेव्हा बायको रोझलीन म्हणाली, "जाऊन ये. लहानपनी तिच्या हातचं जेवलायस."

"त्याच्या दारात? नाय."

यंदा मनाली अचानक घरी आली. नेल्सनने तिला बसही म्हटलं नाही.

"आता कसल्या कागदावर सही पायजे?"

"कसल्याच नाही, अंकल. मी ती कंपनी सोडली. कधीच विकायला न आलेल्या गाड्यांची माहिती जमवतेय. तुमचा दरवाजा आता दुसऱ्या दोन कंपन्यांच्या गाड्यांना आहे. फासळ्यांसकट."

"मी कुनाला काय दिलं नाय."

"मी तसं म्हणत नाहीये."

"मग आलात कशाला?"

तिने एक फोटो पुढे केला. तोच फुटलेला फोटो, पण पूर्ण. नेल्सन तो पहिल्यांदाच पाहत होता. चष्मा पुसून त्याने पुन्हा पाहिलं.

"हे पुढचे दिवे. हे कधी लावले?"

"रविवारी. कंपनीची माणसं घेऊन आली होती, मीही होते."

"शनिवारपर्यंत तिथं नुसती भोकं होती. रविवारी आमाला गाळा बंद. मी चर्चमधे मिस्साला, धनेश त्याच्या घरी. मग हा फोटो आमी कसा काढू?"

मनाली खाली बघत म्हणाली, "प्रदर्शनाआधी चर्चा व्हावी म्हणून कंपन्या कधी कधी स्वतःच फोटो फोडतात, आणि आळ कामगारांवर ढकलतात. मला शंका होती."

"कवापासून?"

"तेव्हापासूनच."

दारात उभी असलेली रोझलीन म्हणाली, "आनि बारा वर्सं लागली तुला यायला?"

रविवारी गाळ्यात मनालीसुद्धा होती, हे नेल्सनच्या मनातून जाईना. त्याने फोटो मात्र ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो राजोडीला गेला. धनेश अंगणात एका खिडकीची जाळी रंगवत होता. त्याने ब्रश खाली ठेवला नाही.

"काय काम काढलंस?"

"मनाली हा फोटो घेऊन आलती. पुढचे दिवे बघ, रविवारी लावले म्हनते."

धनेशने फोटो घेतला, उन्हात धरला. समजायला त्याला वेळ लागला नाही.

"मला वाटलं तूच काढलास," तो म्हणाला. "मी बोललो तर मलाबी तुझ्यात धरतील, म्हनून गप ऱ्हायलो."

"मला वाटलं तू."

धनेशची बायको हेमांगी बाहेर आली, नेल्सनला पाहून थबकली, आणि खुर्ची आणून ठेवली.

"आयच्या वेळेला आला नाईस," धनेश म्हणाला.

"नाय आलो. चुकलं माझं."

धनेशने फोटो उलटा करून पाहिला. मग म्हणाला, "ही बाय खरं बोलते कशावरून?"

"ठाव नाय. माझाबी तिच्यावर विस्वास नाय."

नेल्सन खुर्चीत बसला. मग जेवणवेळ होईपर्यंत दोघं तिच्याविषयीच बोलत राहिले.