घाबरलेल्याचा पिंजरा

परळच्या एका हॉस्पिटलात आम्ही बायकोच्या बोन मॅरोच्या रिपोर्टची वाट बघत बसलो होतो. मी घामाघूम. कोपऱ्यातल्या बाकावर साठीचे एक गृहस्थ एकटेच बसले होते. त्यांनी मला खुणावलं. "इकडे या. वहिनींपासून जरा लांब बसा."

मी भडकलोच. "का म्हणून?"

"लॅबमध्ये तीस वर्षं उंदीर सांभाळले मी. घाबरलेला उंदीर एक वास सोडतो. त्याच्या पिंजऱ्यातला भुसा नुसता दुसऱ्याच्या पिंजऱ्यात टाकला, तरी त्या दुसऱ्याच्या मॅरोतल्या पेशींची गुणसूत्रं तुटलेली सापडतात. म्हणून घाबरलेल्याचा पिंजरा मी कायम कोपऱ्यात ठेवायचो."

"आणि माणसाचं?"

"माणसाचं मला काय ठाऊक नाय. पण सवय लागली."

हसू आलं, तरी मी मुकाट त्यांच्याशेजारी बसलो.

तासाभराने रिपोर्ट आला. काहीही नव्हतं. बायको रडता रडता हसायला लागली. निघताना गृहस्थांचा निरोप घ्यायला वळलो, तर त्यांच्या हातातही नंबराची चिठ्ठी होती, आणि ती त्यांनी चुरगाळून चुरगाळून पार बोळा केली होती. कोपऱ्यातला बाक त्यांनी आधी स्वतःसाठीच निवडला होता.

आम्ही घरी निघालो नाही. जाऊन त्यांच्या दोन बाजूंना बसलो, अगदी चिकटून.