साडूचा नंबर

हे सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. बायकोनं दोनतीनदा खोदून विचारलं, तेव्हा चहा मागून विषय बदलला. पण आता पंच्याहत्तरी जवळ आली, आणि एका भल्या माणसाबद्दल खोटी गोष्ट माझ्या मागं उरावी हे बरं नाही. तर ऐका. घरात नेटचा पाट वाहतो आहे, पण त्या घरी फोन करायची सोय मात्र कुणालाच नाही, असा माणूस सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे धुंडाळले तरी एकच सापडला असता. तो माझा साडू.

तो सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि रहिमतपूरला ऊस, आलं आणि एक तापट म्हैस सांभाळू लागला. त्यानं साताऱ्यातून एक टॅब आणला आणि त्यात नुसत्या नेटचं सिम घातलं. दुकानदार बिचारा बजावून सांगत होता की यात नेट भरपूर आहे, पण यावर कुणाचा फोन येणार नाही. दुकानदारानं खोट म्हणून सांगितलं, साडूनं ते पारितोषिक समजून घेतलं. "अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याच्या घंटीवर उठलो," तो म्हणाला, "आता मला वाटंल तवा मी बोलवीन. मला कुणी बोलवायचं न्हाई." नेटसुद्धा तो दुपारी चार ते पाच एवढंच चालू करी. बाकी वेळ बंद. नेट उघडं ठेवलं की माशा बसतात, हे त्याचं शास्त्र.

पण नंबरावाचून जग चालत नाही. गॅस, बँक, कारखान्याची ऊसतोडीची नोंद, गुरांचा डॉक्टर, जो तो नंबर मागे. साडूनं सगळीकडे बेधडक माझा नंबर लिहिला. मला कळलं ते सिलेंडर पोचल्याचा मेसेज आल्यावर. मी सांगलीतल्या स्वयंपाकघरात सिलेंडर शोधला, बायकोशी भांडलो, गॅसवाल्याशी भांडलो. सिलेंडर रहिमतपूरला दूध तापवत होता. जाब विचारला तर म्हणाला, "पाव्हणं, तुमी पाटबंधारे खात्यात जलमभर आवक-जावकच केली न्हवं? हातची सवय मोडू नये म्हणून दिलं."

तेव्हापासून मी त्याचं आवक-जावक झालो. गणपतीच्या देवळात रांगेत उभा असताना "म्हैस कशी हाय?" असा गुरांच्या डॉक्टरचा फोन येई, आणि मी गाभाऱ्याकडे तोंड करून "सकाळपासून चारा घेतलेला नाही" असं सांगे. आजूबाजूचे भक्त माझ्या बायकोकडे पाहात.

पुढची पायरी त्या मेसेजच्या हिरव्या अ‍ॅपची. त्यालाही नंबर लागतो. माझा फोन बटणांचा, त्याला अ‍ॅपबिप ठाऊक नाही. साडूनं माझ्याकडून ओटीपी घेतला आणि माझ्या नंबरावर आपलं अ‍ॅप थाटलं. रोज चार वाजता बायकोच्या फोनवर 'अहो' अशी अक्षरं झळकू लागत आणि ती समोर बसलेल्या मला म्हणे, "अहो, तुमचा फोन आलाय." मग पडद्यावर साडूच्या मिशा. "रिपोर्ट," एवढाच शब्द. दिवसभरात त्याच्यासाठी जे जे आलं ते मी वाचून दाखवायचं, काही नसलं तर सरकारी रिवाजाप्रमाणे 'निरंक' म्हणायचं. आणि शेवटी त्याचा एकच प्रश्न, आवाज थोडा खाली आणून: "आन् विटा?"

विटा म्हणजे त्याचा विट्याचा शाळासोबती. तो तरुणपणीच दूर दक्षिणेत सोनं गाळायच्या दुकानात गेला आणि तिकडचाच झाला. चाळीस वर्षांत भेट नव्हती. साडूनं कुणाकरवी तरी त्याला नंबर धाडला होता. अर्थात माझा.

आता माझं पाप. आमच्या विहीणबाईंनी नातेवाइकांच्या ग्रुपवर होळीच्या ताटाचा फोटो टाकला. सगळ्यांनी वाहवा केली. त्याखाली माझ्या नंबरावरून उत्तर उमटलं: "आमटी लय पातळ दिसती." साडूनं भाबडेपणानं लिहिलं होतं. वाचलं सगळ्यांनी माझं म्हणून. लेकीनं फोन करून विचारलं, बाबा, तुम्हाला मला माहेरी परत आणायचंय का? बायको दोन दिवस माझ्याशी ताटलीच्या आवाजात बोलली.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी विट्याचा फोन आला. गावाकडं आलोय, उद्या मुंबईला जाताना सकाळी दहा ते बारा सातारा स्टँडवर थांबतोय, त्याला तेवढं यायला सांगा. चार वाजता मिशा दिसल्या. मी अजून आमटीत उकळत होतो. म्हणालो, "निरंक."

"आन् विटा?"

"निरंक म्हटलं ना."

साडेपाचला राग उतरला. बायकोच्या फोनवरून लावून पाहिलं, पण नेट बंद, माशा बसू नयेत म्हणून. सकाळी सहाची एसटी धरली असती तर मी रहिमतपूर गाठून त्याला साताऱ्याला घेऊन गेलो असतो. धरली नाही. उशीर होईल, असं स्वतःला सांगत घड्याळाकडे पाहात बसलो. बाराला माझा फोन वाजला.

"आवं, निरोप दिला व्हता न्हवं?"

"दिला होता," मी म्हणालो.

पलीकडून, स्टँडवरच्या गलक्यातून, तो म्हणाला, "असू द्या. तब्येत बरी हाय न्हवं त्याची?"

त्याचा नंबर माझ्या फोनच्या यादीत बरेच दिवस होता. वर म्हशीचे डॉक्टर आणि गॅसवाले येत गेले, तो खाली सरकत सरकत एक दिवस यादीतून पडला. पुन्हा त्याचा फोन आला नाही. साडू मात्र पुढं पाच वर्षं रोज चारला विचारत राहिला, आणि मी रोज निरंक म्हणत राहिलो. ते रोज खरंच होतं, म्हणून जास्त लागे. विट्याच्या त्या माणसाला हे कुणी वाचून दाखवलं तर त्यानं एवढं ऐकावं: साडू यायचं टाळून राहिला नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

साडू गेल्या वर्षी गेला. तेराव्याहून परतलो तेव्हा चार वाजत आले होते. एकदा रहिमतपूरच्या ओसरीवर बसून त्यानं माझ्या फोनमध्ये 'साडू' असं नाव घातलं होतं आणि त्यापुढं स्वतःचा म्हणून माझाच नंबर टाकून दिला होता, पाव्हण्यांकडं असावा म्हणून. मी ते नाव काढलं. काय बोलायचं ते मनात जुळवलं, पाव्हणं, माझं चुकलं, इथून सुरुवात करायची असं ठरवलं, आणि बटण दाबलं.

एंगेज लागला.