गोलपोस्टच्या मागे सुभद्राबाई

सुभद्राबाईंनी आयुष्यात फुटबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता, तरी कुठे बसायचं हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

त्या नरखेड तालुक्यातल्या. तिकडे त्यांची मोसंबीची बाग आहे, थोडा कापूस आहे, आणि ते सगळं त्या आणि त्यांचे यजमान शालिकराम मिळून पाहतात. मुलगा सुशील नागपूरला लागून असलेल्या वाडी गावात एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर आहे. सून हर्षा शाळेत पीटी शिकवते आणि नागपूर जिल्ह्याच्या महिला संघाची गोलकीपर आहे. हे जोडपं आमच्या समोरच्या दारात राहतं. त्यांची मुलगी गोलू, वय वर्षं तीन.

यंदा राज्य स्पर्धेचा अंतिम सामना नागपुरातच होता, कोल्हापूरविरुद्ध. पण त्याआधी सेमीफायनलला एक घोळ झाला होता. सुशील गोलूला घेऊन मधल्या स्टँडमध्ये बसला आणि तिला खांद्यावर उचलून "ती पाह्य मम्मी! ती पाह्य!" करत राहिला. पोरीने मम्मी पाहिली आणि असं भोकाड पसरलं की हर्षाची मान आवाजाकडे वळली. तेवढ्यात बॉल तिच्या हाताखालून जाळीत गेला. सामना पुढे कसाबसा जिंकला, पण प्रशिक्षक बळीराम सरांनी बजावलं, "फायनलला पोरगी मैदानावर दिसली तर दुसरी कीपर उतरवीन."

हर्षा घरी आली, बूट काढले आणि म्हणाली, "फायनल खेळते. त्यानंतर बंद. दोन्ही नाही होत माझ्याच्यानं." सुशीलने लगेच मान डोलावली, त्याला ते पटलं होतं.

फायनलच्या दिवशी गोलूला घरी सांभाळायला म्हणून सुभद्राबाईंना गावाहून बोलावलं. त्या आदल्या दिवशी एसटीने मोसंब्यांची पिशवी घेऊन आल्या. सकाळी गोलू झोपेत असताना हर्षा चोरपावलांनी निघून गेली, सुशील ड्युटीवर गेला. गोलू उठली. तिने न्हाणीघर पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, सिलिंडरच्या मागे पाहिलं. मग दारापाशी आईची चप्पल मांडीवर घेऊन बसली. रडली नाही, खाल्लंही नाही.

बाराच्या सुमारास सुभद्राबाईंनी माझं दार वाजवलं.

"बाई, ते मैदान कुठं हाय, ठाऊक हाय ना तुम्हाले?"

"आहे. पण हर्षाने सांगितलंय ना, पोरीला आणायचं नाही म्हणून?"

"सांगतलं. पण लेकराले ठाऊक असलं पाह्यजे माय कुठं जाते ते. लपून गेली का ते अजूनच चिपकते." मग त्यांनी विचारलं, "मले एकच सांगा. ते गोलकीपर उभी राह्यते, तवा तिची पाठ कोणीकडं राह्यते?"

मी म्हटलं, गोलच्या जाळीकडे.

"मंग आपण जाळीच्या मागं बसू."

ऑटोत त्यांनी मला त्यामागचं गणित सांगितलं. "सुशील लहान होता तवा मी कापूस वेचाले जात होती. याले धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसवत होती. मी पाठ करून वेचत चालली का हा गुमान खेळे. माय दिसून राहिली, कामात हाय, एवढं समजते लेकराले. पण कापसाची ओळ संपवून मी पलटली, माह्यं तोंड याले दिसलं का संपलं! तवा लेकराले मायची पाठ दाखवा, तोंड नका दाखवू. अन् सुशीलनं काय केलं? बरोब्बर तोंडापुढं नेऊन बसवली. स्वतः धुऱ्यावर वाढला, पण अक्कल नाही आली."

आम्ही जाळीपासून पंधरा-वीस पावलांवर, दोराच्या अलीकडे चादर टाकली. सामना सुरू व्हायच्या बेतात होता. समोर पिवळ्या जर्सीतली हर्षा, आमच्याकडे पाठ. शेजारचा एक गृहस्थ आपल्या मित्राला म्हणाला, "काय त्या हाफ चड्ड्या, लग्न झालेल्या बायका ह्या!" सुभद्राबाईंनी ऐकलं. "ओलिताले, पिकाले पाणी द्याले जातो तवा आम्ही लुगडं याच्याहून वर खोचतो गा," त्या म्हणाल्या. "तू काय पिकवते?" गृहस्थ जरा पलीकडे सरकून बसला.

गोलूने मम्मीची पाठ पाहिली. ओठ एकदा थरथरले. सुभद्राबाईंनी मोसंबीची फोड सोलून तिच्या हातात दिली.

"मम्मी काहून नाही पळून राहिली?"

"तिचं काम राखणीचं हाय. बागेत आबा डुकरं हाकलते ना, तसं."

"बॉल म्हणजे डुक्कर?"

"हो. आत येऊ द्याचं नाही."

पोरगी पाऊण तास बसली. बॉल जवळ आला की "डुक्कर आलं" म्हणायची, तेही कुजबुजत. गोल कोणाचाच झाला नाही. अर्ध्या वेळाची शिट्टी वाजली आणि हर्षा मान खाली घालून, आमच्याकडे न पाहता निघून गेली. मला वाटलं, जमलं.

खेळाडू परत आले. आमच्यासमोर येऊन उभी राहिली ती लाल जर्सीतली कोल्हापूरची कीपर. हर्षा मैदानाच्या पार त्या टोकाला चालत निघाली होती.

गोलू उठून उभी राहिली. "ही मम्मी नाही."

सुभद्राबाईंचा चेहरा उतरला. "हर्षाले तिकडं काहून धाडलं? चुकलं का वं तिचं काही?"

"नाही हो. अर्ध्या वेळानंतर बाजू बदलतात."

"दोघीही?"

"सगळेच."

"मंग आधी नाही सांगाव! मोसंबी खात बसल्या!" हे मला. त्यांनी चादर गोळा करून माझ्या हातात कोंबली. गोलूचा श्वास वर चढला होता, भोकाड घशापर्यंत आलं होतं. "चला. आपणही धुरा बदलू."

पण तिकडे जायला मागून वाट नव्हती, भिंत होती. वाट एकच, मैदानाच्या कडेने, खेळाडूंच्या बाकावरून. आणि त्या बाजूने चालताना हर्षाचं तोंड आमच्याकडे असणार. सुभद्राबाईंनी पोरीला कडेवर घेऊन वरून पदर ओढला आणि आत फोड सरकवली. "चूप राह्य. पदरातून निघालो का मम्मी."

बाकापाशी बळीराम सर उभे होते. त्यांची नजर फुगलेल्या पदरावर गेली.

"आजी, काय आहे पदरात?"

"मोसंब्या."

तेवढ्यात पदराखालून एक छोटा पाय बाहेर आला, त्यात गुलाबी बूट. सरांनी बूट पाहिला, सुभद्राबाईंकडे पाहिलं. सुभद्राबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू मोसंबीला बूट असूच शकतो. मैदानात कोणीतरी ओरडलं आणि सर तिकडे धावले. आम्ही पुढे सटकलो.

त्या टोकाला पोचून पदर काढला, तर पुन्हा पिवळी पाठ. गोलूने मोठा श्वास सोडला आणि बसली. सुभद्राबाईंना धाप लागली होती, पण त्यांनी आधी चादर सरळ केली.

शेवटच्या पंधरा मिनिटांत नागपूरने गोल केला. सगळं मैदान उठलं, फक्त हर्षा जागेवर. मग कोल्हापूरच्या मुली पेटल्या. त्यांची एक उंच मुलगी सगळ्यांना मागे टाकून एकटीच बॉल घेऊन आत घुसली, आणि त्याच क्षणी गोलू पूर्ण आवाजात ओरडली, "मम्मी, डुक्कर!"

मी बॉल पाहिलाच नाही. मी हर्षाची मान पाहत होते. मान हलली नाही. ती डावीकडे झेपावली, बोटांनी बॉल खांबाबाहेर ढकलला, आणि तो गडगडत थेट आमच्या चादरीशी आला.

हर्षा उठली, बॉल घ्यायला वळली, आणि तिने आम्हाला पाहिलं. पोरीने तिचं तोंड पाहिलं. मी डोळे मिटून घ्यायच्या बेतात होते.

सुभद्राबाईंनी बॉल उचलून दोन्ही हातांनी तिच्याकडे फेकला. "घे. अन् फिर तिकडं. आपलं काम कर."

हर्षा एक क्षण उभी राहिली. मग तिने खरंच पाठ फिरवली.

गोलूचा खालचा ओठ बाहेर आला. थांबला. ती आजीच्या मांडीला टेकली आणि मला समजावल्यासारखं म्हणाली, "मम्मी कामात हाय."

कोल्हापूरला मिळालेला कॉर्नर वाया गेला. त्यानंतरची पाच मिनिटं सुभद्राबाई मोसंबीच्या बिया मुठीत धरून बसल्या. शिट्टी वाजली, नागपूर जिंकलं. हर्षा मैत्रिणींच्या गराड्यातून सुटून दोराकडे धावत आली आणि गोलू दोराखालून तिच्याकडे. आता मात्र पोरगी यथेच्छ रडली, कोणी तिला चूप केलं नाही.

बळीराम सर मागोमाग आले. सोमवारपासून राज्य संघाचं शिबिर होतं पुण्याला, दहा दिवस, आणि हर्षाचं नाव त्यांनी पाठवलं होतं.

"सर, मी सांगितलं होतं ना," हर्षा म्हणाली. "ही शेवटची."

"कोणाले विचारून शेवटची?" सुभद्राबाई चादर झटकत म्हणाल्या. "मी येतो ना पुण्याले. मी अन् गोलू."

"आई, अन् बाबा? बाग?"

"बाग राखते ते. भाकरी नाही येत त्याहिले, पण खिचडी येते. दहा दिवस खिचडीनं माणूस मरत नाही." मग त्या सरांकडे वळल्या. "तिथं राह्याले खोली भेटते का? नाही भेटली तर मी पाह्यतो."

सरांनी मान डोलावली. मघाच्या मोसंब्यांबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही.

हर्षा गवतावर बसली होती, गोलू तिच्या गळ्यात. माझी खात्री झाली होती की ती नाही म्हणणार. मग तिने पोरीच्या केसांतला गवताचा तुकडा काढला आणि विचारलं, "पुण्याला थंडी असेल. गोलूचे स्वेटर किती घ्यायचे, आई?"