पॅड बांधलेला कप्तान

आमच्या कप्तानाने आयुष्यात कुणाचं वाक्य पूर्ण ऐकून घेतलं असेल असं मला वाटत नाही. समोरच्याने तोंड उघडलं की हा हात वर करायचा आणि म्हणायचा, "मालूम हाये मले." शेजारचे काका वारल्याचं सांगायला आलेल्या माणसालाही त्याने हेच ऐकवलं, आणि संध्याकाळी त्याच काकांची तब्येत विचारायला त्यांच्या घरी गेला.

गोंदियाजवळच्या फुलचूरच्या आमच्या क्लबचा तो कप्तान होता, कारण किटची बॅग त्याच्या घरी असायची. दुसरं कारण मला कधी सापडलं नाही. आम्ही सगळे चाळिशीच्या आगेमागचे. कुणी दुकानदार, कुणी राइस मिलमधले. उन्हाळ्यात रविवारी टेनिस बॉलने खेळायचो. टेनिस बॉलला पॅड लागत नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळतं. कप्तान मात्र दोन्ही पायांना पॅड बांधून सलामीला जायचा, लगेच परत यायचा आणि पॅड न सोडता सावलीत बसून सांगायचा, "बॉल थांबून आला." त्याला येणारा प्रत्येक बॉल थांबूनच यायचा. बाकीच्यांना तो सरळ कसा येतो, याचा विचार त्याने केला नाही.

सामन्याला निघण्याआधी मी यादी करतो. पाण्याचे कॅन, बर्फ, जास्तीचे चेंडू, पट्ट्या, कोण कुठे गाडीत बसणार. यावर कप्तान म्हणायचा, "यादी करून मॅच जिंकून राहिला का गा तू?" यादी नसतानाही आपण हरतच होतो, हे सांगायला गेलं की माझं वाक्य अर्ध्यावर तुटायचं.

बाहेरगावी तर आम्ही दोन उन्हाळ्यांत एकही सामना जिंकला नव्हता. शेवटी सगळ्यांनी बसून ठरवलं, पुढचा बाहेरगावचा सामना हरलो तर कप्तानी माझ्याकडे आणि बॅगही माझ्या घरी. कप्तान हो म्हणाला, पण चेहरा उतरला. त्याला बायकोसुद्धा चारचौघांत कप्तान म्हणायची. ते गेलं असतं तर मागे उरलेल्या माणसाला काय म्हणायचं, हा प्रश्नच होता.

सामना इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठच्या एका गावात होता. पिकअपमध्ये पुढची सीट अर्थातच कप्तानाची. कोहमाऱ्याच्या फाट्यावर ड्रायव्हर म्हणाला, "इथून सरळ जा लागते ना..." "मालूम हाये मले," कप्तान म्हणाला आणि त्याला हायवेवर वळवलं. सडक अर्जुनीचे ढाबे दिसल्यावर आम्ही मागे फिरलो. भर दुपारी पोहोचलो तेव्हा यजमान सावलीत बसून कंटाळले होते आणि आमचा बर्फ वितळला होता.

मैदान म्हणजे धान कापलेली मोकळी बांधी. एका बाजूला मात्र कालव्याच्या पाण्यावरचा उन्हाळी धान उभा होता, लोंबीवर आलेला. टॉसच्या वेळी मी कॅन भरायला विहिरीवर गेलो होतो. ही चूक नव्हे, पाणी कुणीतरी भरायचंच असतं. पण मी तिथे असतो तर यजमानांचा कप्तान काय सांगतोय ते ऐकून तरी घेतलं असतं.

त्यांनी धावा बऱ्याच केल्या. आमचा कप्तान पॅड बांधून गेला आणि थांबून आलेल्या बॉलवर परतला. पण मिलमध्ये हमाली करणाऱ्या राकेशने एका बाजूने सामना ओढत आणला. शेवटच्या बॉलला चार हव्या होत्या. आमच्याकडे बॅटिंग करणाऱ्या संघानेच अंपायर द्यायचा असतो, त्यामुळे अंपायर म्हणून आमचा कप्तान उभा होता. पॅड अजून पायातच.

राकेशने बॉल उचलला तो शेताच्या धुऱ्यावरून थेट धानात. कप्तानाने दोन्ही हात वर केले. आम्ही धावत मैदानात शिरलो.

यजमानांचा कप्तान, खांद्यावर दुपट्टा टाकलेला पोक्त शेतकरी, शांतपणे चालत आला. "पावणे, हा आऊट हाये."

"काऊन?"

"धानात गेला का आऊट. बॉल शोधाले पोट्टे शिरतात आन् लोंबी तुडवतात. टॉसच्या टाइमाले दोनदा सांगून राहिलो होतो. तुमी म्हणले, मालूम हाये."

सगळे कप्तानाकडे बघायला लागले. तो शेतकरी भला होता. म्हणाला, "तुमाले नसंल मालूम, तं तसं सांगा. पावणे हाव तुमी, छक्का देतो."

एवढंच म्हणायचं होतं. मालूम नव्हतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं की त्याला माहीत नव्हतं. सामना, कप्तानी, बॅग, सगळं त्या दोन शब्दांवर होतं.

कप्तानाने हात खाली घेतले. धानाकडे पाहिलं. मग एक बोट वर केलं. "मालूम होतं मले," तो म्हणाला.

राकेश बॅट टाकून म्हणाला, "खोटं काऊन बोलून राहिला बे? तुले काही मालूम नव्हतं." कप्तान खाली बसून पॅड सोडत होता.

परतताना तो मागे आमच्या पिशव्यांवर बसला. पुढची सीट गोंदियापर्यंत रिकामीच राहिली. घरासमोर उतरल्यावर मी "कप्तान, ती बॅग..." म्हणेपर्यंत त्याने ती माझ्या पायाशी ठेवली होती. "मालूम हाये मले," तो म्हणाला आणि गेला. पुन्हा खेळायला आला नाही. पुढच्या वर्षी रायपूरला मुलाकडे राहायला गेला.

काहीजण म्हणतात, तो प्रामाणिकपणा होता. मी म्हणतो, निव्वळ हट्ट. प्रामाणिक माणसाने आधी ऐकून घेतलं असतं. मी आता टॉसच्या वेळी समोरच्याला सगळे नियम दोनदा म्हणायला लावतो आणि आम्ही बाहेरगावी जिंकतोही.

बॅग भरायला राकेश येतो. दर वेळी तळाशी ते जुने पॅड घालताना बघून म्हणतो, "भाऊ, हे ओझं कायले नेता? टेनिस बॉलले तं..."

"मालूम हाये मले," मी म्हणतो आणि चेन ओढतो.