पेन्सिलीखालचा चेहरा

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, फोटोग्राफर होते असं लोक सांगतात. फोटो काय, कुणीही काढेल. भावोजींची खरी करामत फोटो काढून झाल्यावर सुरू व्हायची. स्टुडिओच्या मागच्या खिडकीशी एक उतरतं टेबल होतं, त्यात दुधी काच बसवलेली आणि काचेखाली उजेड वर फेकायला आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचा एकेक दोष बुजवत बसायचं. मुरूम, तीळ, सुरकुत्या, काही म्हणून शिल्लक ठेवायचे नाहीत. एका बाईंना तर आपलाच फोटो ओळखू आला नाही, पण त्यांनी तो आनंदानं घरी नेला आणि बाहेरच्या खोलीत लावला.

एरवी माणूस अगदी साधा. चहात साखर पडली नाही तरी निमूट पिणारा. पण कुठे डाग दिसला की हात शिवशिवायचे. आणि ताईच्या हनुवटीवर तर चांगला ठसठशीत तीळ होता. शिवाय हसली की तोंडाच्या एकाच बाजूला दोन रेघा उमटायच्या. लग्नानंतर त्यांनी तिचा पहिला फोटो काढला, त्यातच तीळ गायब. मी विचारलं, तीळ कुठे गेला? तर म्हणाले, साफ केला. जसा काही ओट्यावर सांडला होता.

ताईनं हसण्यावारी नेलं. पुढे मोबाइल आले. कुणी फोटो काढायला लागलं की तिचा हात आपसूक हनुवटीवर जायचा. ती कधी बोलली नाही, पण मी बघत होते ना. त्याबद्दल मी भावोजींना वेळोवेळी टोमणे मारले आणि त्यांनी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिले.

ताई गेली. भावोजींनी भिंतीवर तिचा एक मोठा फोटो लावला. त्यांच्या मते ती त्यांच्या हातची सगळ्यात उत्तम कामगिरी. चेहरा असा गुळगुळीत की हात ठेवला तर घसरेल. सहा महिन्यांनी माझी भाची, म्हणजे ताईची लेक, तिच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन राहायला आली. मी तेव्हा तिथेच होते. भाचीनं पोरीला फोटो दाखवून सांगितलं, ही बघ आजी. पोरीनं मान वर करून नीट पाहिलं आणि म्हणाली, "ही आजी नाहीये. आजीला तीळ आहे." मग खेळायला निघून गेली. लहान मुलांचं बरं असतं, बोलून मोकळी होतात.

भावोजींचा चेहरा पडला. त्यांनी सगळे अल्बम बाहेर काढले. एकूण एक ताई स्वच्छ. मोबाइलमध्ये शोधलं, तिथे हनुवटीवर हात. शेवटी म्हणाले, भिंतीवरच्याच फोटोत पेन्सिलीनं तीळ रंगवून देतो, त्यात काय मोठंसं. पेन्सिल घेतली आणि हात उजव्या बाजूला नेला.

मी म्हटलं, अहो, डावीकडे. ते म्हणाले, उजवीकडे, मी काय विसरेन का? भाचीला विचारलं तर तीही गोंधळली. माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांचा संसार, आणि बायकोचा तीळ कुठल्या बाजूला होता ते माहीत नाही! मग भावोजींनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांचं त्यांनाच उमगलं होतं. पेन्सिलीचं काम निगेटिव्हच्या उलट्या बाजूवर करतात, आणि त्या बाजूनं चेहरा आरशातल्यासारखा दिसतो, डावं ते उजवं होतं. ताईचा तीळ त्यांनी तिच्या चेहऱ्यावर जेवढा पाहिला नसेल तेवढा त्या काचेवर पाहिला होता, बुजवताना.

ते हळू आवाजात म्हणाले, "मला तिचा चेहराच आठवत नाहीये गं. मी केलेला आठवतो."

मला वाईट वाटलं, आणि रागही गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरून निगेटिव्हचा डबा काढला. पेन्सिल पुसता येते, म्हणाले, टर्पेंटाइन लावून. खाली मूळ चेहरा असतोच. पण बहुतेक निगेटिव्ह दमट हवेनं एकमेकींना चिकटून खराब झाल्या होत्या. धड अशी एकच निघाली, भिंतीवरच्या फोटोची. तीही इतकी जुनी की पुसताना वरचा थरच सुटून यायची भीती. तसं झालं तर भिंतीवरचा गुळगुळीत फोटो तेवढा उरणार, आणि खरी ताई कायमची जाणार. भाची म्हणाली, बाबा, राहू दे. ते म्हणाले, राहू देऊन काय करू?

कापसाचा बोळा करून त्यांनी कामाला सुरुवात केली. ज्या हातानं आयुष्यभर बुजवलं त्याच हातानं आता पुसायला लागले. मी शेजारी उभी. एका कोपऱ्यात थर जरासा उचकटला, तिथे ते थांबले, श्वास घेतला, पुन्हा सुरू केलं. तासभर लागला. दुपारी मागच्या खोलीच्या खिडक्या बंद करून लाल दिवा लावला, फोटो मोठा करायचं जुनं मशीन पुसून घेतलं. कागदही जुनाच होता, कडेनं पिवळा पडलेला. त्यावर निगेटिव्हमधून उजेड पाडून तो ट्रेमधल्या पाण्यासारख्या औषधात सोडला आणि आम्ही तिघं वाकून बघत राहिलो.

आधी केस आले. मग तीळ आला. डावीकडेच. मी म्हणणार होते, बघा, सांगितलं नव्हतं? तेवढ्यात त्या दोन रेघा आल्या, आणि मग डोळ्यांखालची काळी वर्तुळं. एवढी मोठी, एवढी गडद, की भाची आणखी खाली वाकली. ताई कॅमेऱ्याकडे बघून हसत होती आणि तिला धड उभं राहवत नसावं असं वाटत होतं. फोटो ज्या वर्षीचा, त्या वर्षी तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. रात्रंदिवस सगळं ताईच करत होती.

माझी बहीण किती सुंदर होती ते मला त्या क्षणी कळलं. दमलेली, वाकडं हसणारी. रडू आलं.

फोटो दुसऱ्या औषधात पक्का करून पाण्यात टाकला आणि भावोजी नेहमीचा दिवा लावायचंही विसरले.

"या डोळ्यांखाली मी अख्खी दुपार घालवली होती," ते म्हणाले. "भिंग लावून बघत होतो. तेव्हा नाही दिसलं मला."

भाची बाहेर गेली. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या वर्षी मी तिला एकदा तरी विचारलं होतं का गं, दमलीस का म्हणून?"

या माणसाला मी आजवर एकदाही टोमणा मारल्याशिवाय सोडलेलं नव्हतं.

"विचारलं होतंत की," मी म्हटलं. "मी होते ना तिथे."

त्यांनी मान हलवली, आणि त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. ताईनं त्या वर्षी मला दोनदा बोलावलं होतं, चार दिवस येऊन जा म्हणून. मी गेले नव्हते.